थांबलेली बियाण्यांची देवाणघेवाण पुन्हा सुरू करताना

घरगुती बाग करणाऱ्यांच्या मंडळात बियाण्यांची देवाणघेवाण थांबली की दोन गोष्टी एकाच वेळी दिसू लागतात. काही सभासद दर आठवड्याला ‘बी पुन्हा कधी मिळणार’ असे विचारत राहतात, आणि बाकीच्यांचे बोलणे हळूहळू बागेबाहेर जाते. महिन्याच्या बैठकीत आणि व्हॉट्सॲप गटावर सकाळच्या शुभेच्छा, घरगुती औषधे, रस्त्यांच्या तक्रारी आणि निवडणुका एवढेच विषय उरतात. अशा वेळी संयोजक बहुधा दोनपैकी एक चूक करतात. एक तर ते विषयांतराविरुद्ध कडक नियम लावतात, त्यामुळे गट शांत होतो पण बागही बोलत नाही. नाही तर ‘येत्या रविवारी सर्वांनी आपापले बी घेऊन यावे’ असे घाईने जाहीर करतात. दुसऱ्या चुकीचे परिणाम अधिक लांबतात, कारण न तपासलेले आणि धड नाव नसलेले बी पन्नास घरांत जाते, त्यातले बरेचसे उगवत नाही किंवा भलतेच उगवते, आणि उपक्रम पुन्हा बंद पडतो.

हा क्रम उलट हवा. दिवस शेवटी ठरवायचा असतो. त्याआधी कारण शोधणे, बी निवडणे, ते नीट काढणे, वाळवणे, तपासणे आणि त्यावर खरी माहिती लिहिणे ही कामे व्हावी लागतात, आणि ती सभासदांमध्ये वाटून दिली तर विषयांतराचा प्रश्नही बराचसा त्यातच सुटतो. खरीप पेरणीआधी देवाणघेवाण व्हावी अशी इच्छा असेल तर तयारी माघ-फाल्गुनात सुरू करावी, कारण अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी घालणाऱ्या घरांना बी त्याआधी हातात हवे असते आणि इतरांना मृगापूर्वी.

टप्पा १. थांबण्याचे खरे कारण शोधणे

बैठकीत सर्वांसमोर कारण विचारले तर ‘वेळ मिळत नाही’ एवढेच उत्तर येते, कारण ‘तुमचे बी उगवले नाही’ असे शेजाऱ्याच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. म्हणून पूर्वी नियमितपणे बी देणाऱ्या पाच-सात सभासदांशी एकेकट्याने, फोनवर किंवा घरी जाऊन बोलावे. घेणाऱ्यांपेक्षा देणाऱ्यांना आधी विचारावे, कारण उपक्रम मंदावताना सर्वांत आधी देणारे हात आखडतात. प्रश्न चारच असावेत: शेवटच्या वेळी तुम्ही कोणते बी घेतले, ते उगवले का, उगवले ते नावाप्रमाणेच निघाले का, आणि तुम्ही स्वतः देणे का थांबवले.

उत्तरांवरून पुढचे काम ठरते. बी उगवले नसेल तर दोष वाळवण्यात किंवा साठवणीत असतो. दुसरेच झाड निघाले असेल तर दोष परागीभवनात किंवा चिठ्ठीत असतो. काहीजण फक्त घेतात आणि कधीच देत नाहीत अशी तक्रार असेल तर दोष वाटपाच्या पद्धतीत असतो. कोणी आजारी पडल्यामुळे किंवा गाव सोडून गेल्यामुळे उपक्रम थांबला असेल, तर सगळा भार एकाच माणसावर होता हे त्यातून कळते, आणि नव्या मांडणीत तो निदान तिघांत वाटावा लागतो.

तपासणी: कारण एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ‘लोकांचा उत्साह कमी झाला’ हे कारण नव्हे, तो परिणाम आहे. पुन्हा विचारावे.

टप्पा २. सभासदांना स्थिती सांगणे आणि हाताला काम देणे

‘लवकरच सुरू करू’ हे उत्तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. ते ऐकून विचारणारा गप्प बसत नाही, आणि तीन वेळा ऐकल्यावर विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी एकच निवेदन द्यावे, ज्यात उपक्रम का थांबला, सध्या कोणते काम चालू आहे आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला मिळेल हे असेल. देवाणघेवाणीची तारीख इतक्यात सांगू नये. माहितीची तारीख मात्र सांगावी आणि पाळावी, त्या दिवशी सांगण्यासारखे काही नसले तरी.

विषयांतराबाबत माझे मत स्पष्ट आहे. देवाणघेवाणीच्या दिवसांत सभासद ज्या गोष्टींवर बोलत, त्या गोष्टीच आता घडत नाहीत, म्हणून बोलणे दुसरीकडे वळते. त्यासाठी कोणाला सर्वांसमोर टोकू नये. इतर गप्पांसाठी वेगळा गट किंवा बैठकीनंतरची अर्धा तास चहाची वेळ ठेवावी, आणि मुख्य गटात प्रत्येक आठवड्याला एक ठरलेले काम द्यावे. घरात उरलेल्या जुन्या पुड्यांची यादी करणे हे पहिले काम. बियासाठी राखलेल्या फळाचे छायाचित्र पाठवणे हे दुसरे. सर्वांत परिणामकारक काम म्हणजे टप्पा ६ मधील उगवण चाचणी, कारण तिचे निकाल दिवसागणिक बदलतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा जाणून घ्यायचा असतो.

सावधान: काम देताना ‘ज्यांना जमेल त्यांनी’ असे लिहू नये. नाव घेऊन, काम सांगून, दिवस ठरवून विचारावे, आणि नकार आला तर तो सहज स्वीकारावा.

टप्पा ३. कोणते बी घ्यायचे आणि कोणते नाही

बहुतेक मंडळांच्या चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

पहिला प्रश्न असा की मूळ बी सरळ वाणाचे (ज्याच्या बियापासून पुढेही तसेच झाड येते) आहे की संकरित (दोन वेगळ्या वाणांच्या मुद्दाम केलेल्या संकरातले). संकरित बियाण्याच्या रोपापासून घेतलेले बी उगवते, पण पुढच्या पिढीत गुण विखुरतात: एका झाडाला मोठी फळे, दुसऱ्याला लहान, तिसरे रोगाला लवकर बळी पडणारे. दुकानातून आणलेल्या पुडीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिले असेल तर त्या झाडाचे बी देवाणघेवाणीत घेऊ नये. बाजारातून आणलेल्या भाजीतले बी घेण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ती भाजी बहुधा संकरित वाणाची असते आणि तिच्या आसपास काय लावले होते हे कोणालाच ठाऊक नसते.

दुसरा प्रश्न परागीभवनाचा. टोमॅटो, चवळी, वाल, वाटाणा, गवार आणि मेथी या पिकांत फुलाचे परागीभवन मुख्यतः त्याच फुलात होते, त्यामुळे दोन वाणांत थोडे अंतर ठेवले तरी बी बहुतांशी शुद्ध राहते. भेंडी, वांगी आणि मिरची यांतही स्वपरागीभवन होते, पण मधमाश्या आणि इतर कीटक बराच परका पराग आणतात. एकाच गच्चीवर ढोबळी मिरची आणि लवंगी शेजारी असतील, तर त्या ढोबळीच्या बियापासून पुढच्या वर्षी तिखट फळे मिळू शकतात. दुधी, काकडी, कारले, दोडका आणि भोपळा या वेलांवर नर व मादी फुले वेगळी असतात, आणि कीटकांनी आणलेला पराग कोणत्या अंगणातला आहे हे सांगता येत नाही. मका, माठ आणि पालक यांचा पराग वाऱ्याने दूरवर जातो. मुळ्याला तर परकाच पराग लागतो, त्यामुळे दोन-चार कुंड्यांत त्याचे शुद्ध बी धरणे अवघड असते.

पहिल्या फेरीत सोपी पाच पिकेच घ्यावीत असा माझा आग्रह आहे: टोमॅटो, चवळी, वाल, मेथी आणि भेंडी. भेंडीचे बी शुद्ध ठेवणेही सोपे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी टोकाशी दोऱ्याने हलकी बांधावी. ती आतल्या आत फळते, आणि त्या देठाला रंगीत दोरा बांधून ती शेंग बियासाठी राखावी. मिरची आणि वांग्याच्या एखाद्या फांदीला फुले येण्यापूर्वी मलमलीची पिशवी घालावी, फुले आल्यावर फांदी रोज हलकी हलवावी, फळ धरले की पिशवी काढून देठाला खूण बांधावी.

वेलवर्गीय भाजीचे बी द्यायचेच असेल तर हाताने परागीभवन करावे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून दुपारीच त्या दिवशी उमलणारी नर व मादी कळी ओळखून दोन्हींना कागदी किंवा कापडी पिशवी घालावी. मादी कळीच्या मागे इवलेसे फळ असते, नर कळीमागे नुसता देठ असतो. फूल उमलले की नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, आतला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच लावावा आणि फळ धरेपर्यंत पिशवी परत घालून ठेवावी. काकडी, कारले, भोपळा आणि घोसाळे सकाळी उमलतात, त्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी झाकाव्यात. शक्य असेल तर नर फूल त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरचे घ्यावे. दुधी-भोपळ्याचे असे एक फळ साधले तरी बऱ्याच घरांना पुरेल इतके बी मिळते.

सावधान: कडू दुधी किंवा कडू काकडी लागणाऱ्या वेलाचे बी कोणालाही देऊ नये. या कडूपणामागील द्रव्ये विषारी असतात, आणि कडू दुधीच्या रसाने माणसे गंभीर आजारी पडली आहेत. बियासाठी राखलेल्या फळाची चव पाहता येत नाही, म्हणून त्याच वेलावरच्या कोवळ्या फळाची लहानशी फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि तो वेल बियासाठी बाद करावा.

झाड निवडतानाही नियम आहेत. पाने चुरडलेली, पिवळी-हिरवी चट्टेदार किंवा वाढ खुंटलेली असतील, तर त्या झाडाचे बी घेऊ नये, कारण चवळी, घेवडा आणि टोमॅटो यांचे काही विषाणू बियातूनही पुढे जातात. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांत जे रोप सर्वांत आधी फुलावर येते त्याचे बी राखण्याची चूक सर्रास होते. तेच बी वर्षानुवर्षे घेतले की पाने देण्याआधीच फुलणारी भाजी पदरी पडते. बी नेहमी उशिरा फुलणाऱ्या, दणकट रोपांचे घ्यावे, आणि एकाच रोपाचे न घेता पाच-सहा रोपांचे एकत्र करावे.

कढीपत्ता, जांभूळ, फणस, आंबा आणि कोकम यांचे बी वाळवले की मरते. ते या उपक्रमाच्या पुडीत बसत नाही. ताजे काढून लगेच पेरणाऱ्यालाच द्यावे, किंवा रोपे करून वाटावीत.

टप्पा ४. बी काढणे

खाण्याजोगे फळ आणि बियाजोगे फळ यांत फरक असतो, आणि तो न पाळल्यामुळेच कितीतरी बी उगवत नाही. वांगे पिवळे-तपकिरी होऊन मऊ पडेपर्यंत झाडावर ठेवावे. काकडी पूर्ण पिवळी किंवा तांबूस होऊ द्यावी. भेंडी आणि शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. दुधी कडक होऊन हलवल्यावर आतले बी वाजले पाहिजे. दोडका आणि घोसाळे वेलावरच तपकिरी व हलके झाले की टोकाशी फोडून बी झटकता येते. कारले केशरी होऊन उकलते, त्यातील बियांवरचा लाल गर धुऊन काढावा. मिरची पूर्ण लाल हवी, आणि तिचे बी काढताना हातमोजे घालावेत.

टोमॅटोची पद्धत वेगळी आहे. त्याच्या बियाभोवतीचा चिकट गर उगवण रोखतो. पूर्ण पिकलेल्या टोमॅटोचे बी गरासह काचेच्या भांड्यात घ्यावे, थोडे पाणी घालावे, कापड बांधावे आणि दिवसातून एकदा ढवळावे. आपल्या हवेत दोन दिवसांत वर फेस व बुरशीचा थर येतो आणि चांगले बी तळाशी बसते. मग वरचे सगळे ओतून द्यावे, बी चाळणीत चार-पाच पाण्यांनी धुवावे आणि स्टीलच्या ताटलीत पसरावे. कागदावर पसरल्यास ते चिकटून बसते.

सावधान: आंबवण्याचे भांडे विसरू नये. उन्हाळ्यात ते जास्त दिवस राहिले तर बी भांड्यातच अंकुरते आणि वाया जाते.

टप्पा ५. वाळवणे आणि साठवणे

बी दुपारच्या कडक उन्हात वाळवू नये. सावलीत, वारा लागेल अशा जागी, पातळ पसरून आणि दिवसातून दोनदा हलवून वाळवावे. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे. विदर्भ-मराठवाड्यात माघ-फाल्गुनात हे सहज होते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात सावलीत ठेवलेले बी वाळतच नाही, कारण हवेतला दमटपणा ते परत शोषून घेते. तेथे तांदूळ कोरडे भाजून, झाकण लावून गार करावेत, घट्ट झाकणाच्या बरणीत तळाशी घालावेत आणि त्यांवर बियाची कापडी पुरचुंडी ठेवावी. बियाच्या दुप्पट तांदूळ घ्यावेत आणि आठवड्याने ते नव्याने भाजून बदलावेत. बाजारात मिळणारी सिलिका जेलही चालते. ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

हे सर्व करण्याचे कारण असे की बियातील ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले तरीही तसेच होते. हा ढोबळ नियम आहे, पण घरगुती साठवणीला पुरेसा आहे. अर्धवट वाळलेले बी हवाबंद डब्यात ठेवणे हे उघड्यावर ठेवण्यापेक्षाही वाईट, कारण आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बुरशी धरते.

तपासणी: भोपळा-दुधीचे बी वाकवल्यावर कट्कन मोडले पाहिजे, नुसते वाकता कामा नये. चवळी-वालावर नखाने खूण उमटता कामा नये. दोन्हींपैकी काही चुकले तर आणखी वाळवावे.

चवळी आणि वाल यांत भुंगा बाहेरून नंतर येतो असे समजू नये. त्याची अंडी पुष्कळदा शेंगा झाडावर असतानाच घातलेली असतात. पूर्ण वाळलेले बी घट्ट बरणीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर बरणी एक दिवस न उघडता टेबलावर राहू द्यावी. थंड बरणी लगेच उघडली तर हवेतले पाणी बियावर जमते आणि वाळवण्याची मेहनत फुकट जाते.

साठवण चांगली असेल तर टोमॅटो व वांग्याचे बी तीन-चार वर्षे, काकडी व दुधीचे चार-पाच वर्षे, शेंगवर्गीय बी तीन वर्षे, भेंडी व मिरचीचे दोन वर्षे टिकते. कांद्याचे बी एका वर्षातच वापरावे. दमट गावात हे आकडे बरेच खाली येतात.

टप्पा ६. उगवण चाचणी

हा टप्पा वगळून पुन्हा सुरू झालेली देवाणघेवाण टिकत नाही. प्रत्येक बियाची चाचणी देणाऱ्याने स्वतः न करता दुसऱ्या सभासदाने करावी. यात अविश्वास नाही. आपल्या बियाबद्दलची आस्था बाजूला ठेवून मोजणे कोणालाही कठीण जाते, शिवाय चाचणी वाटून दिली की बी न देणाऱ्या सभासदांनाही खरे काम मिळते. ज्यांचे बोलणे भरकटत होते तेच लोक चौथ्या दिवशी मोडाचे छायाचित्र पाठवतात, हे मी पाहिले आहे.

पद्धत साधी आहे. सुती कापड किंवा जाड टिश्यू कागद ओला करून पिळावा, त्यावर २० बिया अंतराने मांडाव्यात, गुंडाळी करून सैल झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि रोज ओल पाहावी. पाणी टपकत असेल तर बी कुजते. दुधी व कारल्याचे बी आधी रात्रभर भिजवावे. चवळी, वाल आणि मेथीचा निकाल साधारण आठवड्यात, टोमॅटोचा दहा दिवसांत, वांगी, मिरची आणि वेलांचा दोन आठवड्यांत मिळतो. थंडीत अधिक वेळ द्यावा. मोजताना नुसते फुगलेले बी धरू नये. निरोगी मूळ आणि कोंब दोन्ही दिसले तरच ते उगवले असे मानावे.

भारतात प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण टोमॅटो व वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५ टक्के, मिरची आणि वेलवर्गीय भाज्यांना ६० टक्के अशी ठरलेली आहे. मंडळाने हेच आकडे धरावेत. म्हणजे टोमॅटोच्या २० पैकी १४ बिया उगवल्या पाहिजेत. २० बियांची चाचणी ढोबळच असते, त्यामुळे १३ आणि १५ यांवर वाद घालू नये. १० पेक्षा कमी उगवल्या तर ते बी बाद करावे. १० ते १३ उगवल्या आणि वाण दुर्मीळ असेल तर पुडीत दुप्पट बी घालून तसे लिहावे.

सावधान: बाद झालेल्या बियाची बातमी गटावर टाकू नये. देणाऱ्याला खासगीत कळवावे आणि वाळवणे, साठवण की वय यांपैकी काय चुकले हे त्याच्यासोबत शोधावे. एकदा जाहीर अपमान झाला की तो सभासद पुन्हा बी देत नाही.

टप्पा ७. पुडी आणि चिठ्ठी

पुडी कागदाची असावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडासा राहिलेला ओलावाही अडकतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई दमट हवेत पसरते. चिठ्ठीवर पीक, स्थानिक नाव, फळाचे किंवा शेंगेचे वर्णन, गाव, काढणीचा महिना व वर्ष, परागीभवन झाकून केले की मोकळे होते, चाचणीचा आकडा आणि तारीख, पेरणीचा हंगाम आणि मंडळाच्या नोंदवहीतला क्रमांक एवढे असावे. देणाऱ्याचा फोन क्रमांक पुडीवर लिहू नये. तो नोंदवहीत असतोच.

‘गावरान टोमॅटो’ एवढेच लिहिलेली पुडी स्वीकारू नये, कारण त्यातून काहीही कळत नाही. ‘लिंबाएवढा, चपटा, आंबट, खांद्याशी हिरवट’ असे लिहिले तर पेरणाऱ्याला आपल्या झाडावर तेच आले का हे पाहता येते. नावे गावोगाव बदलतात हेही लक्षात ठेवावे. दोडक्याला कोकणात शिराळे म्हणतात, घोसाळ्याला खानदेशात गिलके, आणि ‘घेवडा’ म्हणजे नेमकी कोणती शेंग हे प्रत्येक जिल्ह्यात निराळे. म्हणूनच वर्णनाला नावापेक्षा अधिक जागा द्यावी.

एका घरासाठी टोमॅटो, वांगी किंवा मिरचीच्या २० ते २५ बिया, भेंडीच्या १५, चवळी-वालाच्या १५ ते २० आणि वेलाच्या पाच-सहा बिया पुरतात. मोठ्या पुड्या करू नयेत. उरलेले बी कोणाच्या तरी खणात जुने होते आणि तीन वर्षांनी पुन्हा देवाणघेवाणीत येते.

टप्पा ८. देवाणघेवाणीचा दिवस

तपासून, चिठ्ठी लावून किमान पाच पिकांच्या पुड्या एका डब्यात जमा झाल्या की मगच तारीख जाहीर करावी. बी त्या दिवशी आणायला सांगू नये, आठवडाभर आधी जमा करावे. आयत्या वेळी कोणी पुडी आणलीच तर ती आनंदाने घ्यावी, वेगळ्या डब्यात ठेवावी आणि पुढच्या चाचणीसाठी राखावी. त्या दिवशी ती वाटू नये, मग आणणारी व्यक्ती कितीही ज्येष्ठ असो.

‘जितके द्याल तितके घ्या’ हा नियम वरवर न्याय्य वाटतो, पण नव्या सभासदाकडे द्यायला काही नसते आणि तो पहिल्याच दिवशी मागे सरतो. प्रत्येकाला तीन पुड्या हा समान हक्क असावा. ज्यांनी बी दिले किंवा चाचणी केली त्यांना आणखी दोन द्याव्यात. ज्याने तीन पुड्या नेल्या त्याने त्यांपैकी एका पिकाचे बी पुढच्या फेरीसाठी धरण्याचे कबूल करावे, आणि ते नाव नोंदवहीत लिहावे.

पैसे घेऊ नयेत. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे, मात्र संरक्षित (या कायद्याखाली नोंदवलेल्या) वाणाचे बी ब्रँडच्या नावाने वेष्टनात घालून विकता येत नाही. मंडळाच्या पुडीवर कोणत्याही कंपनीचे नाव किंवा चिन्ह असू नये.

तपासणी: सभासद जाताना त्याच्या हातातील पुड्यांचे क्रमांक नोंदवहीत उतरले आहेत ना हे पाहावे. हे काम एकाच व्यक्तीला दाराशी बसवून द्यावे.

टप्पा ९. बाहेरगावी आणि परदेशी पाठवणे

देशात टपालाने पाठवताना पुडी दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवावी, नाहीतर टपालाच्या शिक्के मारण्याच्या यंत्राखाली टोमॅटो-मिरचीचे बी चिरडते. परदेशात राहणारे सभासद किंवा नातेवाईक बी मागतात तेव्हा मात्र स्पष्ट नकार द्यावा. बहुतेक देशांत बियाण्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, काही ठिकाणी वेगळा परवानाही लागतो, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये विमानतळावर न सांगता नेलेल्या बियासाठी दंड होतो. भारतात बी आणण्यावरही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे निर्बंध आहेत. तेथील मराठी मंडळांनी आपल्या शहरात मिळणाऱ्या बियापासून वरील पद्धतीने स्वतःची देवाणघेवाण सुरू करावी.

टप्पा १०. पेरणीनंतरची नोंद

पुड्या वाटल्यानंतर गट पुन्हा रिकामा होतो, आणि विषयांतर नेमके तेव्हा परत येते. म्हणून नोंदीचे तीन दिवस आधीच ठरवावेत: पेरणीनंतर पंधराव्या दिवशी किती उगवले, पहिले फूल कधी आले, आणि पहिले फळ चिठ्ठीवरच्या वर्णनाशी जुळते का. प्रत्येक नोंद पुडीच्या क्रमांकाने पाठवावी, म्हणजे देणाऱ्याच्या नावाची चर्चा होत नाही. बोलणे दुसरीकडे गेले तर संयोजकाने नियम वाचून दाखवू नये. ज्या क्रमांकाची नोंद आलेली नाही त्याबद्दल त्या सभासदाला नावाने विचारावे.

एखाद्या क्रमांकाची तीन घरांतून ‘फळ वेगळे निघाले’ अशी नोंद आली, तर तो क्रमांक बंद करून नोंदवहीत लाल शाईने तसे लिहावे, आणि त्या तिन्ही घरांना त्यापासून बी न धरण्याची सूचना द्यावी. एकाच घरातून तशी नोंद आली असेल तर आधी त्या घरात पुड्या किंवा कुंड्यांच्या पाट्या बदलल्या गेल्या नाहीत ना हे विचारावे. चांगल्या निघालेल्या क्रमांकांची निरोगी झाडे श्रावणातच हेरून त्यांच्या देठांना दोरे बांधून घ्यावेत, कारण फळे भराभर खुडली जाऊ लागल्यावर बियासाठी राखलेले फळ हमखास भाजीत जाते.